पंखांची पिसं कापलेला पोपट पुन्हा उडू शकेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावं

पहाटवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक कॉकटिएल (तुरा असलेला छोट्या जातीचा पोपट) आली. आधीच्या घरी तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून आम्ही तिला घेतलं. राखाडी अंग, गालावर नारिंगी ठिपका आणि मूड सांगणारा तुरा. त्या तुऱ्यावरूनच तिचं नाव शेंडी पडलं. वय तीनेक वर्षं असावं.

आली तेव्हा तिच्या दोन्ही पंखांची मोठी पिसं अगदी आतपर्यंत कापलेली होती. पिंजऱ्याच्या छपरावरून झेप घ्यायची आणि सरळ खाली आदळायची. छातीच्या हाडावर एक जुनी जखम भरल्याची खूणही आहे. त्यानंतर तिने झेप घेणंच सोडून दिलं. आता पंखात काही नवी लांब पिसं दिसतात, काही अजून कापलेलीच आहेत. ती जमिनीवरून तुरुतुरु चालत आमच्या मागे फिरते, पायावरून चढून खांद्यापर्यंत येते, पण उडायचा प्रयत्न करत नाही.

मला हे विचारायचं आहे: उरलेली पिसं कधी येतील? एकाने सांगितलं की कापलेले बुंधे उपटून टाका, महिन्याभरात नवी पिसं येतात. हे खरं का? आणि पिसं आली की ती आपोआप उडेल, की आपल्याला काही करावं लागेल?

ती खाते-पिते, शिट्ट्या मारते. पण खिडकीबाहेर पाखरं उडताना दिसली की मान वाकडी करून बघत बसते. ते बघून फार वाईट वाटतं.

---

जुना_पक्षीवेडा

पहाटवारा ताई, सगळ्यात आधी: उपटू नका. कारण कुणी डॉक्टर सांगतीलच.

थोडी माहिती द्याल का? दोन्ही पंख सारखेच कापले होते की एकच? वजन किती? मुख्य खाणं काय? नवी पिसं सरळ, गुळगुळीत आहेत की कुरतडल्यासारखी, आडव्या रेघा असलेली? रात्री पिंजऱ्यात धडपडते का? आणि पंख हाताने अलगद उघडला तर दोन्ही बाजूंना सारखा उघडतो का, की एकीकडे अडतो?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कधी कधी सगळे पिसांना दोष देत बसतात आणि मूळ कारण खांद्याजवळचं जुनं, वाकडं जुळलेलं हाड निघतं.

---

रेघोट्या

माझं मत वेगळं आहे. कुणाला दुखवायचा हेतू नाही. आमचा लव्हबर्ड पूर्ण पंखांचा होता. भर दुपारी खिडकीच्या काचेवर आपटला आणि जागीच गेला. तेव्हापासून मला वाटतं की घरात राहणाऱ्या पक्ष्याची पिसं थोडी कापलेली असलेली बरी. शेंडी चालत-चढत खूश असेल तर तिला पुन्हा त्या धोक्यात का घालायचं?

---

पंखवैद्य

पक्ष्यांवर उपचार करणं हाच माझा पेशा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्ण वाढलेलं पीस आपल्या नखाच्या टोकासारखं असतं. केराटिनचं आणि निर्जीव. म्हणूनच ते कापताना दुखत नाही, आणि म्हणूनच कापल्यावर ते वाढतही नाही. त्याचा बुंधा त्वचेतल्या खोबणीत तसाच बसून राहतो. पुढच्या मोल्टिंगमध्ये, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येण्याच्या काळात, तो गळतो आणि त्याच खोबणीतून नवं पीस वर येतं. पीस मुळासकट निघालं तर मात्र खोबण रिकामी होते आणि नव्या पिसाची तयारी लगेच सुरू होते. 'उपटा म्हणजे लवकर येतील' हा सल्ला यातूनच आला. अर्धं सत्य आहे, आणि त्यामुळेच घातक आहे. उड्डाणाच्या पिसांची मुळं पंखाच्या हाडांशी घट्ट बांधलेली असतात. जाग्या पक्ष्याचं असं पीस ओढणं ही अतोनात वेदना आहे. खोबणीला इजा झाली तर तिथून पुढे वेडंवाकडं पीस येतं, किंवा कधीच येत नाही. बुंधे टोचून पक्षी स्वतःचा पंख चावायला लागला तर आम्ही भूल देऊन निवडक बुंधे काढतो. तो अपवाद झाला. बाकी वेळी थांबणं हाच उपाय.

किती थांबायचं? पोपटवर्गातल्या पक्ष्यांच्या प्रत्येक पंखात टोकाकडची 10 मोठी पिसं असतात, ती पक्ष्याला पुढे रेटतात. त्यांच्या आतल्या बाजूची पिसं त्याला हवेत उचलून धरतात. शेपटीतली 12 पिसं वळायला आणि वेग कमी करायला उपयोगी पडतात. मोल्टिंगमध्ये ही सगळी एकदम गळत नाहीत, नाहीतर रानातला पक्षी जमिनीवरच अडकला असता. बहुतेक पोपटांत टोकाकडच्या 10 पिसांपैकी मधल्या, म्हणजे पाचव्या-सहाव्या पिसाच्या आसपास सुरुवात होते आणि तिथून आत आणि बाहेर अशा दोन्ही दिशांना पिसं क्रमाने बदलत जातात. दोन्ही पंखांत साधारण जोडीने. त्यामुळे शेंडीच्या पंखात काही नवी आणि काही कापलेली पिसं दिसणं हे अगदी अपेक्षित आहे, बहुधा तिचं मोल्टिंग सुरू आहे. एक पीस पूर्ण लांब व्हायला छोट्या जातींत काही आठवडे लागतात. पूर्ण संच बदलायला मात्र कित्येक महिने, मोठ्या जातींत वर्षाहून जास्त.

आता काळजी घ्यायची जागा. नवं पीस वर येतं तेव्हा ते एका मेणचट नळीत असतं आणि त्या नळीत जिवंत रक्तवाहिनी असते. बुंध्याकडे निळसर-काळपट दिसतं ते रक्त. एरवी अशा कोवळ्या पिसाला शेजारची जुनी पिसं आधार देतात. कापलेल्या पंखात शेजारी कुणी नसतं, त्यामुळे ते एकटं बाहेर डोकावतं आणि आपटल्यावर पहिलं तेच तुटतं. तुटलं तर रक्त थांबायला वेळ लागतो. स्वच्छ कापसाने किंवा गॉजने दाबून धरा, कॉर्नफ्लोअर लावलं तरी चालतं, आणि काही मिनिटांत थांबलं नाही तर तडक डॉक्टर गाठा. एवढ्याशा जिवात रक्त असतं तरी किती! आणि तुटून तुटून पिसं वाढतच नसतील, तर 'आता पिसं येत नाहीत' असं वाटतं. प्रत्यक्षात ती येतात आणि पडून मोडतात. हे दुष्टचक्र मी पुष्कळदा बघतो.

आणखी एक. पिसं कापल्याचं नक्की माहीत असेल तर गोष्ट वेगळी. पण कारण ठाऊक नसताना उड्डाणाची पिसं नसतील, तर आधी तपासणी. पोपटांचा चोच-पिसांचा विषाणूजन्य आजार असतो, त्यात पिसं आखूड, गाठाळलेली, बुंध्याशी आवळल्यासारखी येतात. कोवळ्या बजरिगारांत (अगदी लहान जातीचे पोपट) पॉलिओमाव्हायरसमुळे उड्डाणाची आणि शेपटीची पिसंच झडतात. दोन्हींची पीसीआर चाचणी होते. घरात दुसरे पक्षी असतील तर नव्या पक्ष्याची ही चाचणी होईपर्यंत त्याला वेगळं ठेवा.

---

पहाटवारा

डॉक्टर, मनापासून आभार. उपटायचं नाही हे पक्कं झालं.

जुना_पक्षीवेडा दादा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं: दोन्ही पंख सारखेच कापलेले आहेत आणि सारखेच उघडतात. नवी पिसं स्वच्छ दिसतात, फक्त दोनांवर बारीक आडवी रेघ आहे. वजन 118 ग्रॅम. आधीच्या घरी फक्त मिश्र बिया खायची, त्यातही सूर्यफूल वेचून. रात्री मात्र कधी कधी दचकून पिंजऱ्यात जोरात फडफडते, दिवा लावला की शांत होते.

रेघोट्या, तुमच्या पाखराबद्दल वाचून खूप वाईट वाटलं.

---

जुना_पक्षीवेडा

118 म्हणजे जरा जास्तच. कॉकटिएल साधारण 80 ते 110 ग्रॅमच्या दरम्यान असतात, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, अंगकाठी लहान-मोठी असते. छातीच्या मधोमध जे उभं हाड आहे त्यावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना भरीव, किंचित गोलसर स्नायू लागले आणि हाडाची धार हलकी जाणवली तर उत्तम. धार हाताला टोचली तर स्नायू गेलेत. हाड सापडतच नसेल, मऊ मऊ लागत असेल, तर चरबी.

न उडणाऱ्या आणि बियांवर वाढलेल्या पक्ष्यांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, असं दोन्ही एकदम असू शकतं. तेव्हा वजनकाट्यावर आकडा ठीक दिसतो आणि आपली फसगत होते.

आडवी रेघ म्हणजे ते पीस वाढत असताना त्या दिवसांत काहीतरी ताण आला होता. उपासमार, आजार, भीती, काहीही. तुमच्याकडे येण्याच्या सुमाराची असेल. पुढची पिसं बिनरेघेची आली की समजा बाई रुळल्या.

रात्रीचं दचकणं कॉकटिएलमध्ये फार. त्यातच नवी पिसं मोडतात. अगदी मंद रात्रदिवा चालू ठेवा, पिंजरा भिंतीला लागून ठेवा आणि झोपायच्या दांडीच्या आसपासची खेळणी काढून टाका. निवांत झोप 10 ते 12 तास.

---

कावळ्याची_ताई

पहाटवारा, तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. पिसं आली की आपोआप उडेल का?

माझ्याकडे दत्तक आलेले पक्षी असतात, बहुतेक पंख कापलेलेच. माझा अनुभव असा की पिसं परत येणं हा यातला सोपा भाग आहे, तो पक्षी स्वतः करतो. गेलेली असते ती ताकद आणि भरवसा. शेंडी प्रत्येक वेळी झेपावली तेव्हा आपटली. तिच्या डोक्यात 'झेप म्हणजे दुखणं' हे पक्कं बसलंय. तिला कसं माहीत असणार की आता पंखात पिसं आहेत?

म्हणून पहिला नियम: हवेत उडवू नका. 'वर फेकलं की पंख मारेलच' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पंख मारेल, पण उतरायचं कुठे ते तिला कळणार नाही. पुन्हा आपटेल आणि तुमच्या हातावरचा विश्वासही जाईल. उतरणं हे उडण्यापेक्षा अवघड असतं. पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा कितीतरी दिवस धडपडत नेमकं हेच शिकतात. ज्या पिल्लाची पिसं त्या वयातच कापली जातात त्याचं ते शिकणं राहूनच जातं. शेंडीच्या बाबतीत तसं झालंय का कुणास ठाऊक. झालं असेल तर वेळ जास्त लागेल, पण मोठेपणी शिकलेले पक्षी मी बघितलेत.

मी असं करते. आधी तिला एक काडी चोचीने शिवायला शिकवायचं. शिवली की लगेच तिचा अगदी आवडता घास, जो फक्त याच वेळी मिळतो. कॉकटिएलला राळ्याच्या कणसासारखं दुसरं आमिष नाही. उपाशी ठेवून शिकवायचं नाही, भूक लागायच्या वेळी, म्हणजे सकाळच्या खाण्याआधी शिकवायचं. काडीचा अर्थ कळला की ती कुठेही मागे मागे येते.

मग दोन दांड्या शेजारी शेजारी. सुरुवातीला एक पाऊल टाकलं की पलीकडे पोचेल एवढंच अंतर. काडी पलीकडे, ती पाऊल टाकते, घास. अंतर थोडंसं वाढवलं की तिला उडी मारावी लागते. आणखी थोडं वाढवलं की त्या उडीत ती एकदा पंख मारते. तो एक फटकारा तुम्हाला दिसेल ना, तेव्हा आनंदाने ओरडू नका, दचकेल. अंतर बोटभर वाढवत जायचं. ती अडली, नुसती पुढे-मागे वाकत राहिली, तर अंतर लगेच कमी करायचं आणि सोप्या उडीवर थांबायचं. ती 'अजून' म्हणत असतानाच खेळ बंद करायचा. रोज थोडा वेळ, दोन-तीनदा.

दांड्यांबद्दल एक सांगते. जाड, खरखरीत, दोरी गुंडाळलेली दांडी घ्या. गुळगुळीत दांडीवर पाय घसरला की पुन्हा तीच भीती. खाली सतरंजी, उशा, गादी काहीही मऊ. आणि सुरुवातीला उतरायची जागा रोज तीच ठेवा.

ताकदीसाठी वेगळा व्यायाम. ती हातावर असताना हात संथपणे खाली न्या, तोल सांभाळायला ती पंख उघडेल. झटका नाही. सकाळी पिंजऱ्यावर बसून बरेच पक्षी आपणहून जागच्या जागी जोरजोरात पंख मारतात. शेंडी तसं करत असेल तर तिला करू द्या, कौतुक करा. ती तालीमच चालू असते.

---

पंखवैद्य

ताईंच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. दोन गोष्टींची भर घालतो.

पंख खाली मारणारा स्नायू आणि पंख वर उचलणारा स्नायू, दोन्ही छातीवरच असतात. उचलणाऱ्या स्नायूची शीर खांद्याच्या हाडांमधल्या छिद्रातून कप्पीसारखी वरून जाते. म्हणजे उड्डाणाची सगळी ताकद त्या छातीच्या हाडाच्या दोन बाजूंना. बराच काळ न उडलेल्या पक्ष्यात हे दोन्ही स्नायू बारीक झालेले असतात आणि हृदयालाही श्रमाची सवय नसते. त्यामुळे सुरुवातीला छोट्याशा उडीनंतरही चोच उघडी टाकून धाप लागेल. मिनिटा-दोन मिनिटांत श्वास पूर्ववत झाला तर ठीक. त्याहून जास्त वेळ लागत असेल, किंवा नुसतं बसलेलं असताना श्वासागणिक शेपूट वरखाली होत असेल, तर व्यायाम बंद आणि तपासणी. बियांवर वाढलेल्या, पंधरा-वीस वर्षांच्या ॲमेझॉन किंवा ग्रे पोपटांना तर व्यायाम सुरू करण्याआधीच तपासून घ्या. त्यांच्यात रक्तवाहिन्या कडक होण्याचं प्रमाण बरंच असतं.

आहार: पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, त्यातही गंधक असलेली अमिनो आम्लं. नुसत्या बियांत ती कमी, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही कमी, चरबी मात्र भरपूर. पेलेट (पक्ष्यांसाठीचं तयार दाणेदार खाणं), हिरव्या पालेभाज्या, गाजर, मोड आलेली कडधान्यं, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा असं हळूहळू आणा. 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा. बिया एकदम बंद केल्या तर कॉकटिएल उपाशी बसते, पेलेट हे खाणं आहे हेच तिला ओळखू येत नाही. रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर वजन. थोड्या दिवसांत दहा टक्के उतरलं तर थांबा. ॲव्होकॅडो कधीही नाही.

आंघोळीचं पाणी ठेवा किंवा फवारा मारा. ओलं झाल्यावर पक्षी पिसं विंचरतो आणि नव्या पिसांवरची नळी सुटायला मदत होते. डोक्यावरची नळी तुम्ही बोटांनी सोडवू शकता, पंखावरची तिची ती सोडवेल.

---

हिरवा_चाफा

वाचनखूण साठवली! आमच्या ग्रीन चीक कॉन्युअर पोपटाच्या बाबतीत एक गोष्ट आधी कुणी सांगायला हवी होती. पिसं आल्यावर तो आडवा झकास उडायला लागला. एक दिवस पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला आणि तिथेच अडकला. खाली यायचं त्याला जमेना! तास न् तास ओरडत बसला.

वर जाणं आणि खाली उतरणं या वेगळ्या कला आहेत. उतरताना वेग आवरावा लागतो. आम्ही मग जिन्यावर शिकवलं. मी खालच्या पायरीवर, तो एक पायरी वर. मग दोन. उतार हळूहळू वाढवत नेला. उंच जागी अडकला तर काठीने हाकलू नका, खुर्ची घेऊन थोडं खालच्या उंचीवर हात धरा आणि टप्प्याटप्प्याने खाली आणा.

---

कावळ्याची_ताई

+१ हिरवा_चाफा. वळणंही शिकवावी लागतात. एक दांडी दरवाज्याच्या किंचित आड ठेवायची, म्हणजे तिला वळून यावं लागतं.

आणि रेघोट्या, तुमच्या प्रतिसादावर मी बराच विचार केला. तुमचं दुःख खरं आहे आणि धोकाही खरा आहे. पण तो धोका पिसांत नाही, काचेत आहे. पक्ष्याला काच दिसत नाही. घर पक्ष्यासाठी तयार करायचं: खिडक्यांना पडदे किंवा काचेवर दाट स्टिकर, आरसे झाकलेले, पक्षी बाहेर असताना छताचा पंखा बंद, गॅसवर काही नाही, बादल्या आणि कमोड झाकलेले. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो, उडणारा असो की चालणारा. मी तर नव्या पक्ष्याला हातावर घेऊन प्रत्येक खिडकीशी नेते, काचेवर टकटक करते, चोचीने काच शिवू देते. त्याला कळतं की इथे काहीतरी आहे.

आणि जमीन सुरक्षित नसते हो. चालणाऱ्या पक्ष्यांवर पाय पडतो, दारात चिरडतात, कुत्र्या-मांजरापासून पळता येत नाही. माझ्याकडे आलेल्या जखमी पक्ष्यांत न उडणारे जास्त आहेत.

---

रेघोट्या

ताई, हे असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काचेला स्टिकर लावले असते तर, हा विचार डोक्यातून जात नाही. आत्ता घरात बजरिगारांची जोडी आहे, पिसं कापलेली. आता पुन्हा कापणार नाही. आधी खिडक्यांचं बघते.

एक शंका: त्यांची पिसं एकेक करून येतील, तर अर्धवट पिसांवर ती उडायला लागतील का? तेव्हा जास्त धोका नाही का?

---

जुना_पक्षीवेडा

चांगला प्रश्न आहे. टोकाकडची तीन-चार पिसं दोन्ही बाजूंना आली की हलका पक्षी हवेत तरंगायला लागतो, आणि बजरिगार तर पिसाएवढेच हलके. उडतील, पण भरकटतील. म्हणून पहिलं लांब पीस दिसलं की त्याच दिवशी घर तयार पाहिजे. 'हिची पिसं कापलेली आहेत' म्हणून खांद्यावर घेऊन बाहेर गेलेले आणि वाऱ्याच्या एका झोतात पक्षी गमावलेले लोक मी पाहिलेत. कापलेला पक्षीही वाऱ्यावर दूर जातो आणि मग परत यायची ताकद त्याच्यात नसते. बाहेर न्यायचं तर पिंजऱ्यातून.

---

निंबोणी

माझ्याकडे आफ्रिकन ग्रे आहे, दत्तक घेतलेला. कापलेले बुंधे गळायची चिन्हंच नाहीत. कुठेतरी वाचलं की दुसऱ्या पोपटाची पिसं चिकटवून पक्ष्याला लगेच उडवता येतं. हे खरं आहे का डॉक्टर?

---

पंखवैद्य

खरं आहे. ससाणे पाळणारे शतकानुशतकं हे करत आलेत. कापलेल्या पिसाचा दांडा आतून पोकळ असतो. त्यात बांबूची किंवा कार्बन फायबरची बारीक काडी बसवायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला गळलेलं पीस, असा जोड. पीस त्याच जातीचं, त्याच पंखाचं आणि त्याच क्रमांकाचं हवं. ते निरोगी, विषाणूंसाठी तपासलेल्या पक्ष्याचं हवं, नाहीतर चोच-पिसांचा आजार पिसातून घरात येईल. पक्ष्याच्या स्वतःच्या मागच्या मोल्टिंगची पिसं कुणी जपून ठेवली असतील तर सगळ्यात उत्तम. बुंधा पुरेसा लांब उरलेला असावा लागतो. काम सराव असलेल्या डॉक्टरकडूनच, बहुधा भूल देऊन. मोल्टिंग आलं की जोडलेलं पीस बुंध्यासकट गळतं आणि खालून खरं येतं.

पण हे कुणासाठी? वारंवार पडून जखमी होणाऱ्या, किंवा कोवळी पिसं मोडत राहणाऱ्या पक्ष्यासाठी. तुमचा ग्रे शांतपणे चढत-उतरत असेल तर घाई नको. पोपटाला चोचीने पिसं काढायची सवय असेल तर तो जोड तासाभरात उपसून टाकेल. आणि पिसं मिळाली तरी छातीत ताकद नसेल तर ती उपयोगाची नाहीत.

---

पहाटवारा

धागा वर काढते, कारण सांगण्यासारखं आहे!

आम्ही तिला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेमध्ये हाडं व्यवस्थित आहेत, विषाणूंच्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह. छातीचे स्नायू बारीक आणि वर चरबी, दादांनी म्हटलं तसंच. पेलेटकडे ती आधी बघायचीही नाही. मी ते बोटांनी चुरून तिच्या बियांत मिसळलं आणि तिच्यासमोर स्वतः खाल्ल्याचं नाटक केलं, तेव्हा कुठे चोच लावली. वजन आता 104 वर स्थिर आहे.

काडीचा खेळ तिला दोन दिवसांत कळला. दोन दांड्यांमधल्या उडीपाशी मात्र ती बराच काळ अडून बसली. पुढे वाकायची, पंख अर्धे उघडायची, आणि मिटून घ्यायची. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक वेळी अंतर कमी करत राहिले. एका सकाळी तिने पंख मिटलेच नाहीत. दोन फटकारे, आणि पलीकडे! उतरताना छाती दांडीला घासली, पण पकड सुटली नाही. मी ओरडले नाही ताई, पण डोळे भरून आले.

त्यानंतर प्रगती भराभर झाली. आता ती खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला माझ्या हातावर येते. वळताना अजून अंदाज चुकतो आणि पडद्यावर जाऊन लटकते. डाव्या पंखातली टोकाची दोन पिसं अजून नळीत आहेत, म्हणून आत्ता वळणांचा सराव थांबवलाय. काल मी स्वयंपाकघरात होते, तर हाक मारली नसताना उडत आली. म्हणून आता तिथे दाराला जाळी बसवतोय.

एक प्रश्न उरलाय. ती चुकून बाहेर गेलीच, तर काय करायचं?

---

कावळ्याची_ताई

पहाटवारा, सकाळ गोड केलीत.

बाहेर गेली तर: नजर हटवू नका आणि दिशा लक्षात ठेवा. घाबरलेला पक्षी बहुतेक वेळा एकाच दमात जाऊन उंच झाडावर बसतो आणि तिथून उतरायचं त्याला जमत नाही. हिरवा_चाफा यांच्या पडद्याच्या दांडीचीच गोष्ट, फक्त खूप उंच. तो ऐकत नाही असं नसतं, त्याला येता येत नसतं. म्हणून खाली उतरण्याचा सराव हा आत्तापासूनच सुरक्षेचा सराव समजा.

तिची नेहमीची शिट्टी वाजवा. तिचा पिंजरा दार उघडं ठेवून, आत कणीस लटकवून, तिला दिसेल असा मोकळ्या जागी आणा. दुसरा ओळखीचा पक्षी असेल तर त्याचा पिंजराही, त्याच्या हाकेने येतात. पाण्याचा फवारा मारू नका, दगड मारून उठवू नका, खाली गर्दी जमू देऊ नका. अंधार पडला तर ती जागा सोडणार नाही. नेमकी फांदी लक्षात ठेवून उजाडायच्या आधी तिथे हजर राहा. भूक लागलेली असते, तेव्हाच उतरायची शक्यता सगळ्यात जास्त.

आणि आत्ताच एक काम करा. तिची शिट्टी आणि तिच्याशी बोलतानाचा तुमचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पायात कडी असेल तर तिचा क्रमांक लिहून ठेवा, आणि पंख उघडलेला एक स्पष्ट फोटो.

---

निंबोणी

पहाटवारा, अभिनंदन! माझ्या ग्रेचा पहिला बुंधा आज पिंजऱ्याच्या तळाशी सापडला. डाव्या पंखाचा आहे. उजव्या बाजूला अजून काहीच नाही. काळजी करू का?

---

पंखवैद्य

नको. जोडीचं पीस काही दिवस मागेपुढे होऊ शकतं. तोपर्यंत सर्वात वरच्या दांड्या खाली आणा, पिंजऱ्याखाली जाड गादी टाका आणि त्या बाजूचा पंख रोज लांबून बघा. निळसर नळी दिसली की ती पूर्ण उघडेपर्यंत टॉवेलमध्ये धरणं, नखं कापणं वगैरे सगळं पुढे ढकला.